डावं म्हणजे डावंच!

(सभासदांनी आपापल्या कामाविषयी चार शब्द सांगावेत, या हेतूने मंडळाने भरवलेल्या मेळाव्यातील व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



माझ्या आधी डॉक्टरसाहेब हृदयविकारावर बोलले, त्यानंतर वहिनींनी गुंतवणुकीवर बोलून आपल्याला जरा धीर दिला. आता जेवणाच्या आधी उरलेली वीस मिनिटं माझ्या वाट्याला आली आहेत. मी आयटीवाला. म्हणजे तुम्हाला वाटत असेल की हा आता पासवर्ड कसा ठेवावा ते सांगणार. तेही सांगीन, पण शेवटी. आज मी बोलणार आहे आग विझवणाऱ्या मॉनिटरबद्दल.

इथे एक खुलासा आधीच करतो. शाळेत असताना मॉनिटर म्हणजे फळ्यावर आपलं नाव लिहिणारा मुलगा. कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, तिथे मॉनिटर म्हणजे टेबलावरचा पडदा. त्यामुळे सात-आठ वर्षांपूर्वी जेव्हा मला फोन आला की "जेट्टीवर सहा मॉनिटर बसवायचे आहेत, दोन आठवड्यांचं काम आहे, येणार का?" तेव्हा मी मनात म्हटलं, सहा पडदे बसवायला दोन आठवडे कशाला? सकाळी गेलो तर दुपारपर्यंत परत! तिथे गेलो आणि मान वर करून बघतो तर पंधरा मीटर उंचीच्या लोखंडी मनोऱ्यावर एक लालभडक तोफ. पाण्याची तोफ. अग्निशमनाच्या भाषेत तिलाच मॉनिटर म्हणतात.

ही तोफ म्हणजे काय?

मध्यम आकाराचा मॉनिटर मिनिटाला साधारण ४,००० लिटर पाणी फेकतो. आपल्या गावाकडच्या गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. ती पंधरा सेकंदांत रिकामी! ७ बार दाबाला हे पाणी नळीच्या तोंडातून सेकंदाला सुमारे ३७ मीटर वेगानं, म्हणजे ताशी १३० किलोमीटरच्या वर, बाहेर पडतं आणि साठ-सत्तर मीटर लांब जातं. आणि न्यूटन काही सुट्टीवर नसतो. जेवढ्या जोरात पाणी पुढे, तेवढ्या जोरात तोफ मागे. हिशेब केला तर हा धक्का सुमारे अडीचशे किलो वजनाएवढा येतो. तो माणसाच्या हातात धरण्यासारखा नाही. म्हणून मॉनिटर पक्क्या पायावर बोल्टांनी बसवतात, आणि तो डावी-उजवीकडे, वर-खाली फिरवायला दातेरी चक्रं असतात. साध्या मॉनिटरला हातानं फिरवायचं चाक असतं. रिमोटच्या मॉनिटरला त्या चाकाच्या जोडीला मोटार असते. एक मोटार आडवं फिरवायला, एक उभं, एक पाण्याची धार सरळ की फवारा हे ठरवायला, आणि चौथी खालचा व्हॉल्व्ह उघडायला.

रिमोट कशाला हवा? कारण जिथे पेट्रोल किंवा गॅस जळतो, तिथे मॉनिटरपाशी माणूस उभा राहू शकत नाही. जयपूरची आग आठवते? २९ ऑक्टोबर २००९. दिवाळी नुकतीच संपली होती. सीतापुरा भागातल्या तेलडेपोत संध्याकाळी पेट्रोलची गळती सुरू झाली. सव्वा तासाच्या आसपास पेट्रोल वाहत राहिलं, त्याची वाफ सगळीकडे पसरली आणि मग स्फोट झाला. दहाहून अधिक माणसं गेली, आग जवळजवळ अकरा दिवस धुमसत होती. गळती सुरू झाल्यावर त्या वाफेत जाऊन व्हॉल्व्ह बंद करणं कुणालाच शक्य झालं नाही, आणि लांबून बटण दाबून बंद करायची सोय चालू स्थितीत नव्हती. एम. बी. लाल समितीनं चौकशी केली आणि अनेक शिफारशी केल्या. त्यांतली एक अशी, की मोठ्या टाक्यांसाठी लांब पल्ल्याचे, भरपूर पाणी आणि फोम फेकणारे, लांबून चालवता येणारे मॉनिटर असावेत. म्हणजे आज जो विषय मी सांगतोय तो हौसेचा नाही. माणसांचे प्राण गेल्यावर लिहिलेला नियम आहे.

माझी चूक

आता माझी गोष्ट. माझं काम सोपं होतं. कंट्रोल रूममधल्या संगणकावर सहा मॉनिटरांची चित्रं काढायची, बाणाची बटणं द्यायची. बटण दाबलं की संदेश पीएलसीकडे जाणार. पीएलसी म्हणजे कारखान्यातला एक काटक, कमी बोलणारा संगणक. तो पुढे मोटारीला हुकूम देणार.

तिथे रत्नागिरीकडचे एक इलेक्ट्रिशियन होते. वीसेक वर्षं आखातात काढलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. पहिल्याच दिवशी मी चाचणी घेताना खुर्चीत बसून पडद्याकडे बघत "डावीकडे ओके, उजवीकडे ओके" अशी टिकमार्क करत होतो. अण्णा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "साहेब, पडद्याकडे काय बघताय? वर बघा. आग पडद्यावर नाही लागायची."

मी हसलो. मनात म्हटलं, जुन्या पिढीची माणसं, संगणकावर विश्वास नाही.

आठवड्याभरात पाण्याची चाचणी ठेवली. ठरलं असं की तोफ डावीकडे, म्हणजे समुद्राकडे, वळवायची आणि व्हॉल्व्ह उघडायचा. ऑपरेटरनं डावा बाण दाबला. माझ्या पडद्यावर तोफेचं चित्र छानपैकी डावीकडे वळलं. व्हॉल्व्ह उघडला. आणि खरी तोफ मात्र उजवीकडे निघाली होती! तिकडे पाइपांच्या रॅकला रंग देण्यासाठी परांची बांधलेली होती. ऑपरेटरला वाटलं अजून पुरेशी डावीकडे गेली नाही, म्हणून त्यानं बटण दाबूनच ठेवलं. त्या धारेनं परांचीच्या फळ्या पत्त्यांसारख्या उडवल्या. मनोऱ्याच्या पायथ्याशी अण्णा होते. त्यांनी तिथल्या पॅनेलवरचा स्विच 'रिमोट'वरून 'लोकल'वर टाकला, मोटार थांबवली आणि व्हॉल्व्ह बंद केला.

रंगारी पाचच मिनिटांपूर्वी चहाला खाली उतरले होते.

मंडळी, हे वाक्य मी आज सहज बोललो, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन मुलं होती ती, विशी-बाविशीची. त्यातला एक नंतर येऊन मलाच विचारत होता, "सर, पाणी पिणार का?" एवढा माझा चेहरा पांढरा पडला होता.

काय झालं होतं? दोन चुका होत्या. पहिली, मोटारीच्या तीन फेजांपैकी दोन तारा जोडताना अदलाबदल झाली. तीन फेजच्या मोटारीत दोन तारा बदलल्या की मोटार उलटी फिरते, हे कुठलाही वायरमन सांगेल. पण त्यात एक मेख आहे. मॉनिटरला दोन्ही टोकांना लिमिट स्विच असतात. डावीकडे शेवटपर्यंत गेला की डावा स्विच डावीकडचा हुकूम तोडतो. मोटार उलटी फिरत असेल, तर 'डावीकडे' म्हटल्यावर तोफ उजव्या टोकाला जाऊन धडकते. तिथला उजवा स्विच इमानदारीनं उजवीकडचा हुकूम तोडतो, जो मुळात दिलेलाच नाही! म्हणजे तारा उलट्या असतील तर दिशाही चुकते आणि संरक्षणही जातं.

दुसरी चूक माझी. पडद्यावरचं चित्र मी हुकुमावर फिरवलं होतं. बटण दाबलं की चित्र वळलं. तोफ खरोखर कुठे आहे हे सांगणारा सेन्सर तेव्हा जोडलेला नव्हता, आणि मी "तात्पुरतं" म्हणून असं लिहून ठेवलं होतं. आयटीमध्ये 'तात्पुरतं' हा शब्द सगळ्यात टिकाऊ असतो, हे इथल्या आयटीवाल्यांना ठाऊक आहे. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी चूक झाली तर ग्राहक ओरडतो, आपण "रीस्टार्ट करून बघा" म्हणतो. इथे परांची उडते.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. पडद्यानं 'मी सांगितलं' आणि 'ते झालं' यांतला फरक दाखवलाच पाहिजे. हुकूम दिला की नुसतं लुकलुकायचं. व्हॉल्व्ह खरंच उघडल्याची खूण परत आली, तरच 'उघडा' म्हणायचं. ठरलेल्या वेळात खूण आली नाही तर ओरडायचं. आणि जिथे सेन्सर नाही तिथे चित्र काढायचं नाही. रिकामी जागा खोट्या चित्रापेक्षा बरी.

बसवताना

त्या प्रसंगानंतर मी अण्णांच्या मागे मागे फिरलो. पुढचे धडे त्यांचे आहेत, गणित तेवढं माझं.

काही मॉनिटर २४ व्होल्ट डीसीवर चालतात. समजा मोटार १० अँपिअर घेते आणि पॅनेल १०० मीटर लांब आहे. कुणीतरी पैसे वाचवायला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली. जाऊन-येऊन तार २०० मीटर. तिचा रोध सुमारे ०.८६ ओहम. म्हणजे साडेआठ व्होल्ट केबलमध्येच गळाले, मोटारीला मिळाले जेमतेम पंधरा. वर्कशॉपमध्ये दोन मीटर तारेवर तोफ मस्त फिरते, मनोऱ्यावर गेली की कुंथते. यावर उपाय दोनच, केबल जाड करा किंवा वीजपुरवठा जवळ आणा. उन्हात तार तापली की रोध आणखी वाढतो, तेही हिशेबात धरा.

दुसरं म्हणजे ठिणगी. ११ डिसेंबर २००५ ला इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या तेलडेपोत पेट्रोलची टाकी भरून वाहिली. पातळी दाखवणारा काटा अडकला होता. जादा भरल्यावर पुरवठा तोडणारा वेगळा स्विच होता, पण त्याची चाचणीची तरफ कामाच्या जागी धरून ठेवणारं कुलूपच लावलेलं नव्हतं, म्हणून तोही निकामी. सकाळी ६ वाजून १ मिनिटानं आगीचा इशारा दिला गेला, आग विझवायचे पंप सुरू झाले आणि लगेच प्रचंड स्फोट झाला. चौकशीत निघालं की पंप सुरू होतानाची ठिणगीच बहुधा त्या वाफेला लागली. विचार करा, आग विझवायच्या यंत्रानंच आग लावली! सुदैवानं रविवारची पहाट होती, कुणी दगावलं नाही, पण चाळीसहून जास्त माणसं जखमी झाली.

म्हणून ज्वालाग्राही वाफ येऊ शकते अशा जागी मोटार, जंक्शन बॉक्स, स्विच सगळं त्या जागेसाठी प्रमाणित असावं लागतं. स्फोटरोधक खोका आत ठिणगी पडू नये म्हणून नसतो, आत स्फोट झाला तरी ज्वाळा बाहेर येऊ नये म्हणून असतो. त्यामुळे त्याचे आठ बोल्ट म्हणजे आठच. "सात लावले, एक हरवला" चालत नाही. केबल शिरते तिथली ग्लँड त्याच दर्जाची हवी, आणि न वापरलेल्या भोकाला प्रमाणित बूच हवं. चिकटपट्टी नाही, एम-सील तर मुळीच नाही. वीज बंद करून, खात्री केल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

आणि आपल्या आखातासाठी खास गोष्ट. अशा उपकरणांवर वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ती उणे २० ते ४० अंश तापमानासाठीच प्रमाणित असतात. इथे जुलैमध्ये सावलीतही ४० ओलांडतात, आणि ही तर उन्हात तापणारी लोखंडी पेटी. त्यामुळे पाटीवर ५० किंवा ५५ अंश लिहिलंय ना, हे वाचूनच माल घ्यायचा. इथली दमट खारी हवा पेटीत शिरते, रात्री तिचं पाणी होतं आणि टर्मिनलवर हिरवट गंज चढतो. म्हणून केबल शक्यतो खालून आत घ्यायची आणि पेटीत बारीक हीटर ठेवायचा. केबलही आगीत तग धरणारी हवी. ब्रिटिश मानकांत ९५० अंशांत तीन तास चालू राहणाऱ्या केबलचा वर्ग आहे. नाहीतर आग लागल्यावर पहिली जळणार ती आग विझवायच्या यंत्राची वायर!

चालवताना

नियम थोडे आहेत, पण प्रत्येकामागे काहीतरी घडलेलं आहे.

पाणी सोडण्याआधी धारेच्या टप्प्यात माणूस नाही, हे डोळ्यांनी बघायचं, भोंगा द्यायचा, मग सोडायचं. आधी कोरडी चाचणी, नंतर पाण्याची. कोरड्या चाचणीत एक माणूस पडद्यापाशी, एक मॉनिटर दिसेल तिथे, आणि दोघांच्या हातात वॉकीटॉकी. "डावं?" "डावं." "वर?" "वर." आमच्या जेट्टीवर हे पाढ्यांसारखं म्हणवून घेतात.

व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा आणि सावकाशच बंद करायचा. पाइपातलं पाणी सेकंदाला तीन मीटर वेगानं वाहत असेल आणि झटक्यात अडवलं, तर आधीच्या दाबावर आणखी पस्तीसेक बारचा तडाखा बसतो. पाइप उखडतात. म्हणून मोटारीच्या व्हॉल्व्हला बंद व्हायला मुद्दाम वेळ लावतात. "स्लो आहे, फास्ट करून द्या" अशी मागणी माझ्याकडे आली होती. मी नम्रपणे नाही म्हटलं.

वीज चालू असलेल्या ट्रान्सफॉर्मरवर किंवा तारांवर सरळ धार मारायची नाही, पाण्यातून वीज वाहते. जळत्या तेलाच्या टाकीत नुसती पाण्याची धार मारली तर तेल उसळून बाहेर येतं. तिथे फोम लागतो, पाणी शेजारच्या टाक्या गार ठेवायला.

रिमोट बंद पडेल हे धरूनच चालायचं. संपर्क तुटला तर तोफ फिरायची थांबली पाहिजे, पण चालू असलेलं पाणी आपोआप बंद होता कामा नये. आगीच्या ऐन मध्यावर पाणी तोडणारं संरक्षण कुणाच्या कामाचं? पायथ्याचा 'लोकल' स्विच नेहमी वरचढ असावा, आणि हाताचं चाक कधीही काढून टाकू नये. दुरुस्तीला माणूस मनोऱ्यावर चढण्याआधी वीज तोडून तिथे स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात, पाटीवर नाव. खाली आल्यावर कुलूप त्यानंच काढायचं.

आणि आता तो पासवर्ड. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात हल्लेखोरांनी थेट संरक्षण यंत्रणेच्या कंट्रोलरमध्येच घुसखोरी केली. त्या कंट्रोलरवर एक साधी किल्ली असते, 'रन' आणि 'प्रोग्राम' अशा जागांची. ती 'प्रोग्राम'वरच राहिली होती. म्हणून अशा यंत्रणेचं जाळं ऑफिसच्या ईमेलच्या जाळ्यापासून वेगळं ठेवायचं, कंपनीकडून आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदलायचा, आणि काम झालं की किल्ली फिरवून काढून घ्यायची.

आणि आपल्या घरी?

तुम्ही म्हणाल, आमच्या बाल्कनीत काही तोफ नाही. पण बघा, बन्सफील्डला एक न लावलेलं कुलूप, सौदीत एक न फिरवलेली किल्ली, आमच्याकडे दोन उलट्या तारा आणि माझं एक 'तात्पुरतं' चित्र. सगळीकडे यंत्र होतं, खर्चही केलेला होता. पण चाचणीनंतर किंवा कामानंतर ते परत जागेवर आणून बघायचं राहून गेलं.

आता हात वर करू नका, पण मनात उत्तर द्या. वास्तुशांतीच्या होमाच्या वेळी किंवा चकल्या तळताना घरातल्या स्मोक डिटेक्टरवर प्लास्टिकची पिशवी कुणी बांधली आहे? आणि ती काढली का? माझ्या स्वतःच्या घरी गेल्या दिवाळीत बांधलेली पिशवी संक्रांतीला सापडली. हो, याच वक्त्याच्या घरी! बायकोनं तिळगूळ देताना ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "साहेब, पडद्याकडे नका बघू, वर बघा."

तर आज घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. डिटेक्टरचं चाचणीचं बटण दाबून तो खरंच ओरडतो का ते ऐका. कढईतलं तेल पेटलं तर पाणी नाही ओतायचं, शेगडी बंद करून वर झाकण ठेवायचं, हे मुलांनाही सांगा. आणि दिव्यांच्या माळांची एका प्लगवर सहा-सहा जोडणी करू नका.

अण्णा आता निवृत्त होऊन गावी गेले. मधे फोनवर बोलणं झालं. मी म्हटलं, "अण्णा, तुमच्यामुळे त्या दिवशी वाचलो." ते म्हणाले, "वाचले ते रंगारी. तू फक्त शिकलास." मी आजही कुठल्याही नव्या मॉनिटरची चाचणी घ्यायला जातो तेव्हा आधी खुर्ची सोडून बाहेर जातो, मान वर करतो आणि मगच म्हणतो, "डावं?"

तुम्हा सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. दिवे भरपूर लावा, नजर मात्र त्यांच्यावर ठेवा. आणि आता जेवायला चला, श्रीखंड वाट बघतंय!